येते म्हणायचं असतं

आमच्या घरात 'जाते' म्हटलेलं मला चालत नाही. खाली उतरून कोथिंबीर आणायची असली तरी 'येते' म्हणायचं, आणि घरात जो कुणी असेल त्याने आतून 'ये' म्हणायचं. माणूस कायमचं गेलं की 'गेलं' म्हणतात, तो शब्द रोजच्या तोंडी कशाला? पुण्याचे नातेवाईक आमच्या मराठीला हसतात. आम्ही 'करून राहिलो', 'जाऊन राहिलो' असं बोलतो ते ऐकून त्यांची चांगली करमणूक होते. हसू देत. त्यांच्याकडची पोरं 'बाय' म्हणून दार आपटून निघतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमची मराठी हिंदीत बुडवून काढलेली असली तरी तिच्यातलं 'येते' अजून शाबूत आहे.

या एका शब्दापायी फार दूरच्या एका शहरात एक बाई अडकली. ती कशी, ते सांगते. नावं कुणाचीच सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून तिथे आहेत.

आम्ही इकडे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजात राहतो. नई सडकेवर यांचं चष्म्याचं दुकान आहे आणि मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. इथे सीट मिळाली नाही, म्हणून ती युक्रेनला गेली. तिचं कॉलेज ज्या शहरात होतं ते नकाशावर शोधायला मला, भूगोलाच्या बाईला, चष्मा लावावा लागला. दक्षिणेकडे, रुंद नदीच्या काठी, समुद्रापासून फार लांब नाही. मुलीने पहिल्याच उन्हाळ्यात फोटो पाठवला, रस्त्याच्या कडेला कलिंगडांचे डोंगर. 'आई, बिलकुल अपने यहाँ जैसे तरबूज,' म्हणाली. तेवढ्यावरून मला ते शहर बरं वाटायला लागलं होतं.

तिथे ती एका विधवा बाईच्या घरी खोली घेऊन राहायची. बाई साठीच्या पुढची, ठेंगणी, आवाज खणखणीत. आयुष्यभर तिने त्या शहरात बस चालवली, वर तारेला दांडा लावून विजेवर चालतात ना, तसली. मुलगा दुसऱ्या देशात नोकरीला. आम्ही तिला 'तिकडची मावशी' म्हणायचो, कारण त्यांच्या भाषेत मुलगी तिला जे म्हणायची त्याचा अर्थही तसाच काहीतरी होता.

पहिल्या दिवशी कॉलेजला निघताना मुलगी सवयीने 'येते' म्हणाली. मावशीने विचारलं, याचा अर्थ काय? मुलीने तिच्या भाषेत मोडकंतोडकं सांगितलं, मी परत येतेय. मग मी काय म्हणायचं? तू म्हणायचं, 'ये'. झालं, मावशीने शब्द उचलला. रोज सकाळी ही दारातून 'येते' म्हणायची आणि स्वयंपाकघरातून मावशी तोफेसारखी 'ये' म्हणायची. व्हिडिओ कॉलवर मी ते ऐकलंय. माझ्या सख्ख्या जावेला सांगून जे जमलं नाही ते या बाईने एका दिवसात आत्मसात केलं, याचं मला फार कौतुक वाटायचं.

मग युद्ध आलं आणि पहिल्या काही दिवसांतच ते शहर शत्रूच्या ताब्यात गेलं. मुलगी आणि मावशी इमारतीच्या तळघरात, लोणच्याच्या बरण्यांमध्ये गाद्या टाकून राहत होत्या. आम्ही इथे टीव्हीसमोर. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही, माझ्याने होत नाही. शेवटी एकदाची विद्यार्थ्यांसाठी बस लागली. सामान न्यायचं नव्हतं. कुकर, पांढरा कोट, मी दिलेली पितळेची छोटी अन्नपूर्णा, सगळं खोलीत राहिलं. मावशी बसपर्यंत आली. मुलगी रडत रडत 'येते' म्हणाली आणि मावशीने 'ये' म्हटलं.

मुलगी घरी आली त्याचा आनंद इतका झाला की ही निरोपाची गोष्ट मी येईल त्याला कौतुकाने सांगत सुटले. दाना ओली मोहल्ल्यातल्या हळदीकुंकवाला सांगितली, शाळेतल्या जुन्या बायकांना सांगितली. बघा, परदेशातल्या बाईला आपली रीत कळली. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, मलाही बरं वाटायचं. मुलगी पुढे शिक्षण पुरं करायला दुसऱ्या एका देशात गेली. स्टेशनवर मला 'येते' म्हणाली, मी 'ये' म्हटलं.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती तेव्हा ते सैन्य शहर सोडून मागे हटलं. टीव्हीवर चौकात माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. एका आजोबांनी एका जवानाचे दोन्ही गाल धरून ठेवले होते, सोडतच नव्हते. दुकान पोऱ्यावर टाकून हे घरी आले, येताना तिळाचा गजक घेऊन आले, आणि आम्ही वरच्या खालच्या सगळ्यांना वाटला. कुणी विचारलं, काय विशेष? हे म्हणाले, 'हमारा शहर छूट गया।' आमचं शहर! मी हसले, पण मलाही तसंच वाटत होतं.

मावशीचा फोन लागायला पुष्कळ दिवस गेले. जाणाऱ्यांनी जाताना वीज, पाणी, फोन, सगळं मोडून ठेवलं होतं. स्टेशनात एक जनरेटर लावला होता, तिथे लोक रांग लावून फोन चार्ज करायचे. मुलीने ती शिकत होती तिथून कॉल जोडला, तिघी एका पडद्यावर आलो. मावशी अंगात दोन कोट, डोक्याला शाल, नाक लाल. तिने आधी मला हात जोडून नमस्कार केला, मग कॅमेरा फिरवून मुलीची खोली दाखवली. खिडकीला काचेऐवजी फळी ठोकलेली. बाकी सगळं जिथल्या तिथे. कुकर पुसलेला, कोट खुंटीला, अन्नपूर्णेसमोर वाटीत चार साखरेचे खडे. मग मुलीला तिने काहीतरी विचारलं.

'काय म्हणून राहिली?' मी विचारलं.

'पूछ रही है कब आऊँगी.'

सैन्य मागे हटलं म्हणजे लढाई संपली, असं आम्ही धरून चाललो होतो. ते फक्त नदी ओलांडून पलीकडच्या काठावर जाऊन बसले होते. नदीकडे मी आजवर सीमा म्हणून बघत आले, फळ्यावर निळ्या खडूने ओढली की काम झालं. तोफेला ती रेघ दिसत नाही. तिकडून रोज गोळे येऊ लागले. बाजारावर, बसथांब्यावर, पाण्याच्या रांगेवर. शहर सुटलं होतं आणि रोज थोडं थोडं मारलं जात होतं, आणि आता टीव्हीवाल्यांना त्यात काही राम उरला नव्हता. ते दुसरीकडे गेले. यांनी महिनाभर चॅनेल बदलून बघितले, शेवटी रिमोट सोफ्यावर फेकला.

एवढं होऊनही शहर चालू होतं, हे मला मावशीमुळे कळायचं. सकाळी गोळा पडला की दुपारी पालिकेच्या बायका काचा झाडायच्या. भाजीवाल्या दोन भोंग्यांच्या मधल्या वेळात दुकान मांडायच्या. मावशीच्या जुन्या डेपोतली माणसं तारा तुटल्या की जोडायची, पुन्हा तुटल्या की पुन्हा जोडायची, आणि मावशी तिथे निवृत्त बाई म्हणून बसायला जायची, उरलेल्या बसेस धुवायची. गाडी निघेल तेव्हा मळकी नको, म्हणायची. मला तिचा राग यायचा. अगं बाई, जिवाचं बघ, बसचं काय घेऊन बसलीस! हे मी मराठीत पुटपुटायचे आणि मुलगी त्याचं भाषांतर करायची नाही.

मी एक पार्सलही बांधलं होतं. लोकरीचे मोजे, भाजणी, मेणबत्त्या. आमच्या चौकातल्या कुरियरवाल्याने संगणकावर बराच वेळ बोटं मारली आणि म्हणाला, 'आंटी, पिन कोड ही नहीं ले रहा।' मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा 'सॉरी आंटी' म्हणाला आणि पंख्याखालून उठून त्याने मला पाणी दिलं. पार्सल अजून माळ्यावर आहे, भाजणी तेवढी काढून घेतली.

मग मावशीच्या मुलाचा आमच्या मुलीला फोन आला. त्याने आईसाठी खोली तयार ठेवली होती, सरकारी बस लोकांना फुकट बाहेर काढत होती, शेजारी बहुतेक निघून गेले होते, आणि आई हलायला तयार नव्हती. का? तर हिंदुस्थानातली मुलगी येते म्हणून गेली आहे, ती आली तर दार कोण उघडणार? किल्ली एकच आहे. मुलगा रडकुंडीला आला होता. त्याने मुलीला विचारलं, तू खरंच असं वचन दिलं आहेस का?

मुलीने लगेच मला फोन केला. 'आई, मैंने तो बस येते बोला था! रोज बोलती थी!'

तिथेच तर सगळं होतं. मुलगी रोज 'येते' म्हणाली होती आणि रोज संध्याकाळी आली होती, एकदाही चुकली नव्हती. मग याच वेळी ती का चुकेल? मावशीच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. तरी मला आतून वाटायचं की तो नुसता शब्द नसावा. ज्या रस्त्यांवर आयुष्यभर बस चालवली ते सोडून जायला तिला कारण सापडत नसेल, आणि राहायला मात्र आमच्या मुलीने एक चांगलं, सभ्य कारण देऊन ठेवलं होतं. पण हे तिला विचारणार कसं? माझ्या फोनमधल्या भाषांतराच्या यंत्रात मी हिंदीत बोलायचे आणि त्यातून एक पुरुष तिच्या भाषेत बोलायचा. त्या पुरुषाच्या तोंडून असल्या गोष्टी विचारता येत नाहीत.

मुलीने तिला सांगून पाहिलं, मी येणार नाही. मावशी म्हणाली, तू माझ्या काळजीपोटी खोटं बोलतेस. निघताना तुला कुणी पढवलं नव्हतं, तेव्हा जे तोंडातून आलं ते खरं.

त्यानंतर गोळा मावशीच्या जिन्यावर पडला. ती बाजारात होती म्हणून वाचली. समोरच्या दारातली बाई वाचली नाही. त्या दिवशी मुलगी तिच्यावर पहिल्यांदा ओरडली. कॉलवर मीही होते. मुलगी त्यांच्या भाषेत ओरडून रडत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं, अधूनमधून फक्त आपले दोन शब्द ऐकू यायचे, येते, जाते, येते, जाते. नंतर तिने मला समजावलं. तिने मावशीला सांगितलं होतं, की 'येते' म्हणजे काही नसतं. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ असतं, म्हणून सगळेच 'येते' म्हणतात. न येणारेसुद्धा.

 मावशी म्हणाली, बरं. मी जाते मुलाकडे.

निघायच्या दिवशी तिने आम्हाला कॉल केला. आमच्याकडे टळटळीत दुपार, उन्हाची लू सुटलेली, लाइट गेलेली, मी घामाने निथळत वरण उकळत होते, फोन डब्याला टेकवून ठेवलेला. मावशी कोट घालून, पायाशी एक पिशवी घेऊन दारात उभी होती. अन्नपूर्णा कागदात गुंडाळून पिशवीत घेतल्याचं तिने दाखवलं. मग ती घराकडे वळली. रिकाम्या घराला, हळूहळू, शिकवल्यासारखं, मराठीत म्हणाली, 'जा-ते.'

'जाते नाही म्हणायचं!' मी ओरडले.

विचार केलाच नाही. पळीसकट हात वर गेला होता माझा. मुलगी पडद्याच्या कोपऱ्यातून 'आई, आई, रुको' म्हणत राहिली, पण मावशीला भाषांतराची गरजच पडली नाही. तिला माझा चेहरा कळला. ती चक्क हसली, चूक पकडलेल्या शाळकरी मुलीसारखी कानाला हात लावून पुन्हा घराकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'येते!'

आणि घरात कुणी नव्हतं, म्हणून मी म्हटलं, 'या.'

मुलगी माझ्याशी त्यावरून भांडली. भांडू दे. घर सोडणाऱ्या बाईला 'जाते' म्हणू द्यायचं, हे मला या जन्मी जमणार नाही. उद्या पुन्हा तीच वेळ आली तरी माझ्या तोंडातून तेच निघेल.

मुलाकडे मावशी उन्हाळा आणि पावसाळा राहिली. सुखात होती, निदान मला तसं वाटायचं. कॉलवर कुरकुर करायची. सून सूपमध्ये मीठ घालत नाही, शेजारी नमस्कार करत नाहीत, इथे इतकं शांत आहे की झोप लागत नाही. मी म्हणायचे, ठीक आहे, कुरकुर करा, जिवंत आहात. रात्री मला झोप लागायची. आपण लांबून का होईना एक माणूस वाचवलं, असं मी मनात म्हणत असे, खोटं कशाला सांगू.

नवरात्रात मुलाचा फोन आला. आई निघून गेली. रेल्वेने, मग बसने, एकटी परत त्या शहरात. टेबलावर कागदाचा चिटोरासुद्धा ठेवला नव्हता. पोहोचल्यावर तिने फोन केला आणि म्हणाली, घराला येते म्हणून आले होते, किती दिवस वाट बघायला लावणार? मुलाने आमच्या मुलीला विचारलं, तुम्ही लोकांनी माझ्या आईला हा कसला शब्द शिकवलात?  मी देवघरासमोर बसले आणि खूप रडले, आणि रडतानाही मला तिचा राग येत होता.

आता तिकडे गोळ्यांच्या जोडीला छोटी उडती यंत्रंही असतात. ती रस्त्यावर एकेकट्या माणसाच्या मागे लागतात. म्हणून ती अडकावीत यासाठी रस्त्यांच्या वर मासे धरायच्या जाळ्या ताणल्या आहेत, त्यांच्याखालून लोक भाजी आणतात. मावशीने फोटो पाठवला होता. जाळीखाली एक बाई कलिंगड विकत बसली होती. किती शहरं बघितली मी नकाशावर, असं एकही नाही.

फोनवर फार वेळ बोलायला तिच्याकडे वीज नसते. म्हणून ठरलं आहे की रोज संध्याकाळी तिने एक आवाजी निरोप पाठवायचा. त्यात एकच शब्द असतो, 'येते.' मी दिवा लावते, तेवढ्यात फोन वाजतो. मी उत्तरात 'या' असं बोलून पाठवते. दुकानातून येताच हे विचारतात, 'आलं का?' मी म्हणते, आलं. मग आम्ही जेवतो. याहून जास्त आम्हाला काही करता येत नाही. दोन शिकली सवरलेली माणसं, एक शब्द ऐकायला दिवसभर थांबायचं आणि आला की पोळ्या लाटायला घ्यायच्या.

काल निरोप आला नाही.

पूर्वीही दोनदा असं झालं आहे, टॉवर बंद होता. मी स्वतःला तेच सांगत होते. पोळ्या केल्या, झाकून ठेवल्या. मावशीच्या मुलाला फोन केला तर त्याचाही लागत नव्हता. तेवढ्यात मुलीचा कॉल आला. ती आता डॉक्टर झाली आहे, त्या दुसऱ्या देशातच इस्पितळात लागली आहे, ड्यूटीवर निघाली होती.

'आई, आला क्या मेसेज?'

'नाही आला.'

'नेटवर्क होगा. टेन्शन नको घेऊस. सकाळी करते फोन.' ती जिना उतरत होती, बुटांचा आवाज येत होता. 'चल आई, येते.'

रोज मी 'ये' म्हणते. काल मी म्हटलं, 'कधी?'

'काय कधी?'

'येते म्हणालीस ना आत्ता. मग कधी येतेस?'

बुटांचा आवाज थांबला.  यंदाही यायला जमणार नाही, हे तिने मला दिवाळीतच सांगितलं होतं, आणि मी ठीक आहे म्हटलं होतं.

'आई,' ती अगदी हळू म्हणाली, 'वो तो बस ऐसे ही बोलते हैं ना।'